माळ पेटवून फुलं कशी वाचतात?

प्रश्न : नमस्कार. मी अमेरिकेत ओरेगनला विलामेट खोऱ्यात राहते. जवळच्या एका पाणथळ माळावर दुर्मिळ रानफुलं वाचवायचं काम चालतं, तिथे शनिवारी व्हॉलंटियर म्हणून जायला लागले. वाटलं होतं रोपं लावायची असतील, पण तीन महिने झाले आम्ही नुसती काटेरी ब्लॅकबेरी उपटतोय आणि ॲशची झाडं कापतोय, आणि सप्टेंबरमध्ये तर त्यांनी माळाचा एक तुकडा चक्क पेटवून दिला. हे काही डोक्यात शिरत नाही. समजावून सांगाल का?

उत्तर : ताई, गोंधळ होणं साहजिक आहे, झाड म्हणजे चांगलं आणि उघडा माळ म्हणजे पडीक जमीन असं आपल्या मनात इतकं पक्कं बसलंय की माळावरचं झाड कापताना हात अडखळतो. पण तुमचं खोरं मुळात माळाचंच. तिथले मूळ रहिवासी कालापुया लोक पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळा संपता संपता माळ पेटवायचे, कॅमसचे कंद चांगले यावेत, टारवीडचं बी गोळा करायला सोपं जावं, शिकारीला रान मोकळं राहावं म्हणून. १८३०च्या दशकात तापाच्या साथीत त्यांची गावंच्या गावं संपली, मग बाहेरून वसाहती आल्या, आग थांबली, नांगर फिरला, चर खणून पाणी नदीकडे काढून दिलं. आज त्या मूळ माळातला दोन टक्क्यांपेक्षाही कमी भाग उरलाय.

आग थांबली की दोन गोष्टी होतात. ॲश, हॉथॉर्न, डग्लस फर अशी झाडं माळावर शिरतात आणि सावली धरतात, आणि दुसरं म्हणजे वाळलेल्या गवताचा थर वर्षानुवर्षं साचत जातो, इतका की पडलेलं बी मातीपर्यंत पोचतच नाही. सप्टेंबरपर्यंत इथल्या बहुतेक रानफुलांनी बी टाकलेलं असतं, त्यांचा जीव जमिनीखाली मुळात किंवा कंदात असतो, त्यामुळे गवतातून झरझर जाणारी आग त्यांना फारसं काही करत नाही. तुम्ही येत्या एप्रिल-मेमध्ये त्याच तुकड्यावर जाऊन बघाच.

आता एकच तुकडा का पेटवला तेही सांगते, कारण मला या सगळ्यात हाच भाग सगळ्यात आवडतो. फेंडर्स ब्ल्यू नावाचं एक छोटं निळं फुलपाखरू आहे, १९३७ नंतर ते कोणाला दिसलंच नाही, संपलं असं धरून चालले होते, आणि १९८९मध्ये ते परत सापडलं. त्याच्या अळ्या मुख्यतः किंकेड्स ल्युपिनच्या पानांवर जगतात आणि हे ल्युपिनसुद्धा संकटातच. आग ल्युपिनला हवी असते पण बुडाशी पाल्यात झोपलेल्या अळ्या त्याच आगीत मरतात. म्हणून एका वर्षी एक भाग पेटवायचा, बाकीचा ठेवायचा, म्हणजे तिथली फुलपाखरं पुढे जळलेल्या भागात पसरतात. असं सांभाळत सांभाळत २०२३मध्ये ते अमेरिकी सरकारच्या ‘धोक्यात’ या यादीतून एक पायरी कमी गंभीर अशा ‘संकटाच्या वाटेवर’ या यादीत आलं.

आणि पाणी विसरू नका. तिथली माती चिकण, पावसाळी हिवाळ्यात माळावर पाणी उभं राहतं आणि उन्हाळ्यात त्याच जमिनीला भेगा पडतात. ब्रॅडशॉज लोमॅटियम ही गाजराच्या कुळातली पिवळ्या फुलांची वनस्पती अशाच जागी येते. जुने चर बुजवले की पाणी परत थांबतं, ते न करता कितीही रोपं लावा, जगणार नाहीत. १९८८मध्ये यादीत गेलेली ही वनस्पती २०२१मध्ये यादीबाहेर आली.

प्रश्न : त्याच माळावर गोल्डन पेंटब्रश पाहिलं, काय सुंदर पिवळं! एक रोप घरी आणून वाढवलं तर? शिवाय बाजारात रानफुलांच्या बियांची पाकिटं मिळतात, ती माळावर टाकली तर मदतच होईल ना?

उत्तर : दोन्ही नको, प्लीज. पेंटब्रश अर्धपरजीवी आहे, म्हणजे पानं हिरवी आहेत, स्वतःचं अन्न थोडंफार करतं, पण मुळं शेजारच्या झाडांच्या मुळांना जोडून त्यांच्याकडूनही घेतं. रोमर्स फेस्क्यू गवत किंवा ओरेगन सनशाइनसारखा शेजारी असला की ते जोमात येतं, उपटून आणलं की हे नातंच तुटतं. ओरेगनमधून ते पूर्ण नाहीसं झालं होतं, वॉशिंग्टन आणि ब्रिटिश कोलंबियातल्या मोजक्या जागांवर उरलं होतं. तिथलं बी आणून, शेजारी झाडांसकट माळ तयार करून ते परत रुजवलं, १९९७मध्ये यादीत गेलेलं २०२३मध्ये बाहेर आलं. तुम्ही पाहिलेलं एकेक झाड या मेहनतीचं आहे हो.

पाकिटातलं बी कुठलं असतं त्याचा पत्ता नसतो, कधी त्यात परक्या जातीही असतात. त्याऐवजी त्या लोकांना विचारा की बी गोळा करायला कधी येऊ, तेच बी शरद ऋतूत पेरतात कारण बऱ्याच जातींना हिवाळ्याची थंडी आणि ओल मिळाल्याशिवाय कोंब फुटत नाही. खत तर अजिबात टाकू नका, ते तणच आधी खातं.

प्रश्न : हे काम संपतं कधी?

उत्तर : विस्कॉन्सिनमधला कर्टिस प्रेअरी नावाचा माळ १९३०च्या दशकात पुन्हा उभा करायला घेतला, आज तिथे खूप काही फुलतं, तरी शहराचं पावसाचं पाणी शिरतं त्या ओल्या भागात रीड कॅनरीग्रास हे आक्रमक गवत अजून घुसतंच आहे आणि लोक अजून ते काढतायत. तेव्हा ताई, ब्लॅकबेरीसाठी जाड हातमोजे घ्या आणि येत्या शनिवारी जा.