सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेच्या (ईटीपी) गाळाचं वजन कमी दाखवलं गेलं आणि आता नोटीस आलीय

भोसरीत प्लेटिंगचं (धातूवर मुलामा चढवण्याचं) जॉबवर्क करणाऱ्या एका वाचकाने विचारलंय: "मॅडम, वडिलांपासूनचं युनिट आहे, ऑथोरायझेशन (मंडळाची परवानगी) वर्षाला 3 टन गाळाचं. फॉर्म 4 (वर्षाचं रिटर्न) कन्सल्टंट भरतो, त्याने 2.4 टन जनरेशन (तयार झालेला गाळ) दाखवलं, पण मॅनिफेस्टची (गाळ बाहेर पाठवताना भरायच्या कागदांची) बेरीज 4.1 टन येते. प्रदूषण मंडळाची कारणे दाखवा नोटीस आलीय, 15 दिवस दिलेत. रोजचं रजिस्टर आमच्याकडे नाही, कन्सल्टंट म्हणतो बसून वर्षभराचं लिहून टाकू. काय करू?"

दादा, पहिलं सांगते, ते रजिस्टर लिहू नका. एका पेनाने एका बैठकीत लिहिलेली वही बघणाऱ्याला लगेच कळते, आणि आज तुमची चूक नोंद न ठेवण्याची आणि चुकीचा आकडा देण्याची आहे, उद्या ती खोटा दस्तऐवज तयार करण्याची होईल, म्हणजे भारतीय न्याय संहितेखालचा फौजदारी गुन्हा. सही तुमची असणार, कन्सल्टंटची नाही.

2016 च्या घातक कचरा नियमांप्रमाणे रोजची नोंद फॉर्म 3 मध्ये आणि वर्षाचं रिटर्न फॉर्म 4 मध्ये 30 जूनपर्यंत द्यायचं असतं, आणि गाळ बाहेर गेला की फॉर्म 10 चं मॅनिफेस्ट. त्याच्या सात कॉपी असतात, गाळ घेणारा त्यातली एक मंडळाला पाठवतो आणि निळी तुम्हाला परत येते. म्हणजे 4.1 चा आकडा मंडळाकडे आधीपासूनच होता, तो वजनकाट्यावरचा आहे, त्याच्याशी भांडून उपयोग नाही.

पण जनरेशन आणि डिस्पॅच (बाहेर पाठवलेला गाळ) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमचा खरा बचाव असला तर इथेच आहे. 31 मार्चला शेडमध्ये मागच्या वर्षाचा गाळ पडून होता का? असेल तर तो एप्रिलमध्ये गेला की डिस्पॅच जास्त दिसणारच, सुरुवातीचा साठा अधिक जनरेशन बरोबर डिस्पॅच अधिक शेवटचा साठा, एवढा साधा हिशोब आहे. मागच्या वर्षीच्या फॉर्म 4 मध्ये शेवटचा साठा किती लिहिलाय ते आजच काढा. फक्त साठवणुकीची मर्यादा 90 दिवस आहे (वर्षाला 10 टनांपर्यंतच्या छोट्या युनिटला मंडळ 180 पर्यंत वाढवून देऊ शकतं, पण तशी परवानगी हातात हवी), नाहीतर एक मुद्दा सोडवताना दुसरा गळ्यात पडेल. दुसरं म्हणजे ओलावा, फिल्टर प्रेसमधून (पाणी दाबून काढणाऱ्या यंत्रातून) निघालेला ओला गाळ आणि वाळवायच्या बेडवर वाळलेला गाळ यांच्या वजनात खूप फरक पडतो. कन्सल्टंटने कोरडं वजन धरलं असेल तर लॅबचा मॉइश्चर रिपोर्ट जोडा, नुसतं तोंडी सांगितलेलं कोणी धरणार नाही.

उत्तरात लपवाछपवी नको. वजनकाट्याच्या पावत्या, मॅनिफेस्ट, गाळ घेणाऱ्याची बिलं, केमिकल खरेदीची बिलं यावरून महिन्याचा हिशोब पुन्हा बांधा, वर "उपलब्ध कागदपत्रांवरून आज तयार केलेला" असं तारखेसकट स्पष्ट लिहा, सुधारित फॉर्म 4 जोडा आणि फॉर्म 3 कोणत्या तारखेपासून रोज भरताय तेही सांगा. जनरेशन खरंच 3 टनांच्या वर असेल तर ऑथोरायझेशन वाढवायचा अर्ज उत्तराच्या आधी टाका आणि त्याची पोच जोडा. कागद जमवायला 15 दिवस पुरत नसतील तर मुदतीच्या आत लेखी मुदतवाढ मागा, गप्प बसू नका.

शिक्षेची भीती साहजिक आहे. एप्रिल 2024 पासून पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम 15 मधली थेट तुरुंगाची तरतूद गेली, आता 10 हजार ते 15 लाखांपर्यंत दंड आहे, पण तो भरला नाही तर तुरुंगाचा विषय परत येतो.

अजून एक, तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंय की केमिकलचे रिकामे ड्रम भंगारवाल्याला देता. मला गाळापेक्षा याची जास्त काळजी वाटते, कारण असे ड्रम स्वतःच घातक कचऱ्यात येतात (कॅटेगरी 33.1) आणि कोणीतरी ते धुवून घरी पाण्याला वापरतं. ते आजपासून बंद करा, ऑथोराइज्ड पार्टीलाच द्या आणि त्याचीही मॅनिफेस्ट ठेवा.