गाडी चालवता येत नाही, मग पिट्सबर्ग की कोलंबस?

प्रश्न : मुलाच्या हातात अमेरिकेतल्या दोन नोकऱ्या आहेत, एक पिट्सबर्गला, एक कोलंबसला. आम्ही दोघं सहा महिने त्याच्याकडे जाणार. गाडी चालवता दोघांनाही येत नाही. रामबागेतून राजवाड्यापर्यंत पायी जाऊन भाजी आणायची सवय. यांचे गुडघे मात्र कुरकुरतात. आमच्यासाठी कुठलं गाव बरं?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : वहिनी, माझं मत पिट्सबर्गला. लेक आधी तिथं शिकली, मग नोकरीसाठी कोलंबसला गेली, म्हणून दोन्ही गावं पायाखालची आहेत. पण गावापेक्षा घराचा पत्ता महत्त्वाचा. पिट्सबर्गला स्क्विरल हिल भागात घर मिळालं तर मुलाची वाट बघत बसावं लागणार नाही. फोर्ब्स आणि मरे हे दोन रस्ते मिळतात त्या चौकात कार्नेगी लायब्ररीची शाखा आहे. आसपास किराणा, बेकरी, औषधांचं दुकान. एका अंगाला शेनली पार्क, दुसऱ्या अंगाला फ्रिक पार्क. गावात जायला बस.

आता गुडघे. पिट्सबर्ग तीन नद्यांकाठचं, टेकड्यांवर चढलेलं गाव. पोलाद कारखान्यांतले कामगार टेकडीवरून कामावर उतरायचे, त्यांच्यासाठी बांधलेले सातशेहून जास्त सार्वजनिक जिने आजही आहेत. त्यातले कित्येक सरकारदरबारी चक्क रस्ते! नकाशात सरळ रेघ दिसते म्हणून निघावं, तर पुढ्यात पायऱ्या. तेव्हा वाट आधी मुलाला बघून यायला सांगा. माउंट वॉशिंग्टन या टेकडीवर मात्र त्यांना जरूर न्या. १८७० आणि १८७७ साली सुरू झालेल्या, उतारावर रुळांवरून चढणाऱ्या दोन गाड्या अजून चालतात. त्यात नुसतं बसायचं.

कोलंबस सपाट. हाय स्ट्रीटवर शॉर्ट नॉर्थ या भागाजवळ खालून महामार्ग जातो. २००४ साली त्याच्यावरच्या पुलाला दोन्ही बाजूंनी दुकानं बांधली. चालताना आपण महामार्ग ओलांडतोय हे कळतही नाही. मला तर ही युक्ती फार आवडली. त्याच रस्त्यावर उत्तरेला क्लिंटनव्हिल, तिथं गुलाबांची मोठी बाग. गुडघे खरंच दुखत असतील तर तिथलं घर पिट्सबर्गपेक्षाही बरं.

अडचण अशी की मुलगा तिथं घर घेईल असं मला वाटत नाही. आपली मंडळी शाळा आणि मोठं घर बघून डब्लिनसारख्या उपनगरात जातात. अशा बऱ्याच वस्त्यांत घरांच्या मधे दुकान काढायला नियमानं परवानगीच नसते. कोपऱ्यावर पोहेवाला सोडा, कोथिंबिरीची जुडीही गाडीशिवाय मिळत नाही. कुठं कुठं फुटपाथ अर्ध्यावरच संपतो. आणि कोलंबसला १९७९ नंतर प्रवासी रेल्वे नाही.

मुलाला एवढंच सांगा : घर पाहशील तेव्हा गाडी लांब लाव आणि दूध घेऊन पायी ये.

रस्ता ओलांडताना एक सांभाळा. तिथं गाड्या उजव्या बाजूनं चालतात, म्हणून आधी डावीकडे बघायचं. शिवाय मनाईची पाटी नसेल तर लाल दिवा असतानाही थांबून उजवीकडे वळता येतं. वळणाऱ्याची नजर डावीकडच्या गाड्यांवर असते, तुमच्यावर नाही. एप्रिलमध्ये जा, ऑक्टोबरमध्ये परत या. बर्फ पडला की फुटपाथ साफ करणं ज्याच्या त्याच्या घरमालकाकडे, आणि आळशी शेजारी तिथंही आहेतच.