इंग्रजीतल्या 'प्रोफेन' शब्दाचा नेमका अर्थ काय? 'अपवित्र' म्हटलं तर चालेल का?

'प्रोफेन' म्हणजे मुळात 'देवळाबाहेरचं'. 'अपवित्र' हा त्याचा एक अर्थ झाला, पण दर वेळी तो चालत नाही. शब्द लॅटिन 'प्रोफानुस'वरून, जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. 'प्रो' म्हणजे समोर, 'फानुम' म्हणजे देऊळ. देवळासमोरचं, म्हणजे आत नसलेलं. कुठलाही चांगला इंग्रजी शब्दकोश हीच फोड देतो. गंमत म्हणजे 'फॅनॅटिक' (धर्मवेडा) हाही त्याच 'फानुम'चं लेकरू. एक बाहेर राहिला, दुसऱ्याच्या अंगात देव आला!

आपल्याकडचं उदाहरण घ्या. औंढा नागनाथाला नामदेव देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले, पुजाऱ्यांनी त्यांना मागं घालवलं, आणि देऊळच फिरून त्यांच्याकडं तोंड करून उभं राहिलं, अशी आख्यायिका आहे. आत कोण, बाहेर कोण, हे उंबरठ्यावरून ठरवायचं ही जी रीत, तीच या लॅटिन शब्दात बसली आहे.

आता भाषांतराचं. एमिल दुर्खीम हा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ 'सेक्रेड' (पवित्र) आणि 'प्रोफेन' अशी जोडी मांडतो, तिथं 'प्रोफेन' म्हणजे फक्त रोजचं, ऐहिक. पेरणी, बाजार, चूलपाणी. त्याला 'विटाळलेलं' म्हणाल तर अर्थाचा विचका होईल. 'प्रोफेन लँग्वेज' असेल तर मात्र सरळ 'शिवराळ भाषा' लिहा.