आजीला काहीतरी हवं असू दे

प्रिय मुली,

तुझ्या मालिकेचे पहिले दहा एपिसोड वाचले. संवाद ओघवते आहेत, सुनेचा राग खरा वाटतो. पण आजी पाच सीनमध्ये आहेत आणि पाचही वेळा देवघरातून बाहेर येऊन कुणाची तरी समजूत काढतात. त्यांना स्वतःला काय हवंय, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

ही सवय तुझी एकटीची नाही. १९७० च्या ‘जॉनी मेरा नाम’मध्ये सुलोचनादीदी देव आनंदच्या आई झाल्या, त्या त्याच्याहून पाच वर्षांनी लहान होत्या. वीस वर्षांनी ‘अग्निपथ’मध्ये रोहिणी हट्टंगडी अमिताभच्या आई झाल्या, त्याही त्याच्याहून लहानच. आईचं वय आपण मुलावरून मोजत आलो. म्हणून तिला मुलाआधीचं आयुष्य नसतं, मैत्रिणी नसतात, पासबुक नसतं.

याच रोहिणीताई २०२३ मध्ये ‘बाईपण भारी देवा’त होत्या. सहा बहिणी, जुने रुसवे आणि मंगळागौरीची स्पर्धा. बायका नटूनथटून, गटागटाने थिएटरात गेल्या. आपल्या प्रेक्षकाला हे नको असतं, असं कुणी बैठकीत म्हणालं तर ती गर्दी आठव. ‘अग्गंबाई सासूबाई’तल्या विधवा आसावरीचं दुसरं लग्नही लोकांनी घरात बसून, सासू-सुनांनी मिळून पाहिलं.

मी मात्र एकदा हार मानली होती. साठीची बाई स्कूटर शिकते, असा सीन लिहिला होता. वाहिनीच्या बैठकीत म्हणाले, छान आहे, सुनेला द्या. मी दिला. सुनेच्या हातात त्या सीनमध्ये काही उरलं नाही, कारण तिला पडायची भीतीच नव्हती. ते मला अजून लागतं.

तुझ्या आजी लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात, हे तूच लिहिलंयस. मग त्या किती दिवसांत खाली उतरल्या नाहीत? समोरच्या बिल्डिंगमधली मैत्रीण त्यांना फक्त गॅलरीतून दिसते का? त्यांना स्वतःच्या एफडीतून गुडघ्याचं ऑपरेशन करायचंय असं धरून चल. मुलगा म्हणेल, “आई, या वयात कशाला?” त्याला त्या पैशांत गाडी घ्यायची असेल. आता आजींना चिडू दे, खोटं बोलू दे, सुनेला गुपचूप आपल्या बाजूला ओढू दे. त्या प्रेमळ आहेत की खाष्ट, हे आधी ठरवू नकोस.

आणि हे काम करायला येणारी नटी तीस-पस्तीस वर्षं रंगभूमीवर उभी राहिलेली असेल. तिला निरांजन फिरवायला बोलावू नकोस. निदान एक सीन असा दे, ज्यासाठी ती आदल्या रात्री घरी तालीम करेल.

सुधारलेले एपिसोड रविवारपर्यंत पाठव. देवघराचा सेट राहू दे. एफडीची पावती देवाच्या पाटाखालीच ठेवलेली असेल.

तुझी,
ताई