शेअर जुन्या खात्यात, विक्री नव्या ब्रोकरकडून

प्रश्न : 2012 पासून सांगलीतल्या एका ब्रोकरकडे माझं खातं आहे. दलाली फार पडते म्हणून मोबाइल अ‍ॅपवाल्या ब्रोकरकडे नवं खातं उघडलं, पण त्यात जुने शेअर दिसतच नाहीत. ज्याच्याकडून घेतले त्याच्याकडूनच विकावे लागतात का?

उत्तर : नाही. शेअर ब्रोकरकडे नसतात, ते एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीत तुमच्या नावावर असतात. तुमचं डिमॅट खातं सांभाळतो तो डीपी. खरेदी-विक्रीची ऑर्डर बाजारात घालतो तो ब्रोकर. बहुतेक ठिकाणी ही दोन्ही कामं एकच कंपनी करते, म्हणून दोन्ही एकच वाटतात. नव्या अ‍ॅपला फक्त त्याच्याकडच्या डिमॅटमधले शेअर दिसतात.

दुसऱ्या डीपीकडचे शेअर विकायला नियमाची आडकाठी नाही. मात्र ते डिमॅट खातं नव्या ब्रोकरकडे तुमच्या यूसीसीला, म्हणजे ग्राहक-क्रमांकाला, जोडलेलं असावं लागतं. पारंपरिक ब्रोकर हे करून देतात, अ‍ॅपवाले सहसा देत नाहीत. तुमच्यासाठी सरळ मार्ग एकच : आधी शेअर नव्या डिमॅटमध्ये हलवा, ते दिसू लागले की विका.

नव्या ब्रोकरकडून सीएमआर, म्हणजे क्लायंट मास्टर रिपोर्ट, मागवा. त्यावरून दोन गोष्टी ताडून पाहा. पहिली, पॅन आणि नाव जुन्या खात्याशी जुळतं का. दुसरी, खातं कुठल्या डिपॉझिटरीत आहे. सीडीएसएलचा क्रमांक सलग 16 आकडी असतो. एनएसडीएलचा आय-एन या अक्षरांनी सुरू होतो, पुढे 6 आकडे डीपीचे आणि 8 आकडे तुमचे. दोन्ही खाती एकाच डिपॉझिटरीत असतील तर एक प्रकारची स्लिप लागते, वेगळ्या असतील तर आंतर-डिपॉझिटरी स्लिप. चुकीची स्लिप भरली की ती परत येते.

जुन्या डीपीने दिलेल्या डीआयएस, म्हणजे शेअर वळते करण्याची सूचना देणाऱ्या स्लिपांच्या, पुस्तकातली स्लिप अशी भरा : कंपनीचं नाव, 12 अक्षरी आयसिन क्रमांक (शेअरचा ओळख-क्रमांक), संख्या आकड्यांत आणि अक्षरांत, ज्या खात्यात न्यायचे त्याचा क्रमांक, तारीख, आणि कारणाच्या रकान्यात ‘स्वतःच्याच खात्यात, मोबदल्याविना’. रिकाम्या ओळींवर रेघ मारा. आयसिन जुन्या कॉन्ट्रॅक्ट नोटवरून, म्हणजे ब्रोकरने दिलेल्या व्यवहाराच्या बिलावरून, उतरवू नका. शेअरचं विभाजन होऊन दर्शनी मूल्य बदललं की आयसिनही बदलतो. तो ताज्या होल्डिंग स्टेटमेंटवरूनच घ्यावा.

इतकं करूनही काम अडतं ते ओटीपीवर. अशा हस्तांतरणाला डिपॉझिटरी थेट खातेदाराकडून ओटीपीने संमती घेते, आणि तो जातो डिमॅटमध्ये नोंदवलेल्या मोबाइलवर किंवा ई-मेलवर. 2012 मध्ये दिलेला नंबर बंद पडला असेल तर स्लिप कितीही बिनचूक भरा, शेअर जागचे हलणार नाहीत. मोबाइल आणि ई-मेल आधी बदलून घ्या. सहीसुद्धा जुनीच लागते. बारा-तेरा वर्षांत ती बदलते आणि माणसाच्या लक्षातही येत नाही.

स्लिप नको असेल तर सीडीएसएलच्या ‘ईझीएस्ट’ किंवा एनएसडीएलच्या ‘स्पीड-ई’ सेवेवरून घरबसल्या हे होतं.

खर्चाचं म्हणाल तर जुना डीपी प्रत्येक आयसिनमागे शुल्क आणि वर जीएसटी घेतो. मोबदला नसल्यामुळे मुद्रांक शुल्क लागत नाही. जुनं खातं बंदच करायचं असेल तर सुटे शेअर हलवू नका. सीएमआर जोडून ‘खाते बंद व शिल्लक हस्तांतरण’ असा अर्ज द्या. दोन्ही खात्यांतले खातेदार तेच आणि त्याच क्रमाने असतील तर या हस्तांतरणाचं शुल्क डीपीला घेता येत नाही, हा सेबीचा जानेवारी 2006 पासूनचा नियम आहे. काउंटरवर तो कुणी आपण होऊन सांगत नाही. मात्र थकलेलं वार्षिक शुल्क आधी चुकतं करावं लागतं, आणि तारण ठेवलेले शेअर सोडवून घ्यावे लागतात.

एखाद्या कंपनीच्या बोनसची रेकॉर्ड डेट (बोनस कुणाला मिळणार हे ठरवणारी तारीख) होऊन गेली असेल, पण बोनस शेअर अजून जमा झाले नसतील, तर खातं बंद करायला थांबा. ते रेकॉर्ड डेटला शेअर जिथे होते त्या खात्यातच येतात.

प्रश्न : माझा नवा ब्रोकर फोनवर ऑर्डर घेतो. भाव चांगला आहे. आज विकून शेअर उद्या जुन्या डिमॅटमधून पाठवले तर?

उत्तर : करू नका. जानेवारी 2023 च्या अखेरीपासून सगळ्या शेअरांचा हिशेब टी+1 ने, म्हणजे व्यवहारानंतरच्या कामकाजाच्या दिवशी, होतो. सोमवारी विकलेले शेअर मंगळवारी सकाळीच क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे, म्हणजे व्यवहारांची देवघेव पुरी करणाऱ्या संस्थेकडे, पोचावे लागतात. मंगळवारी तुम्ही स्लिप घेऊन डीपीच्या दारात उभे राहाल, तेव्हा वेळ निघून गेलेली असेल.

मग एक्स्चेंज ते शेअर लिलावात विकत घेतं आणि फरक तुमच्या माथी मारतं. लिलावात कुणी विकायलाच आला नाही तर व्यवहार क्लोज-आउट होतो, म्हणजे शेअरऐवजी पैशांत मिटवला जातो. त्याचा दर म्हणजे विक्रीपासून लिलावापर्यंतच्या दिवसांतला सर्वोच्च भाव किंवा लिलावाच्या दिवशीच्या बंद भावावर 20 टक्के, यांपैकी जो जास्त तो. समजा, 100 शेअर 500 रुपयांनी विकले आणि बंद भावही 500 च राहिला. तरी क्लोज-आउट किमान 600 ने होणार, म्हणजे भाव जराही न हलता 10,000 रुपये खिशातून गेले. एवढा ‘चांगला भाव’ कुठलाच नसतो.

प्रश्न : शेअर हलवले. आता नवं अ‍ॅप खरेदी किंमत शून्य दाखवतं. सगळ्या रकमेवर कर भरायचा का?

उत्तर : नाही. हस्तांतरणात फक्त शेअर जातात, खरेदीचा भाव त्यांच्याबरोबर जात नाही. बहुतेक अ‍ॅपमध्ये तारीख आणि भाव हाताने भरायची सोय असते, तिथे भरून टाका. करासाठी मूळ खरेदीची तारीखच धरतात. शेअर नव्या खात्यात कधी आले याने मुदत बदलत नाही. जुन्या ब्रोकरकडचा लॉगिन बंद होण्याआधी सगळ्या कॉन्ट्रॅक्ट नोट आणि वर्षवार व्यवहारांचं लेजर उतरवून घ्या. नंतर ते मिळवताना नाकी नऊ येतात.

31 जानेवारी 2018 पर्यंत घेतलेल्या शेअरांना आणखी एक सवलत आहे. समजा, 2012 मध्ये 120 ला घेतला, 31 जानेवारी 2018 चा उच्चांक 410 होता आणि आता 900 ला विकला. खरेदी किंमत 410 धरायची, नफा 490. बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्या शेअरांवर वर्षाला सव्वा लाखापुढच्या नफ्यावर 12.5 टक्के कर आहे, त्याआधी विकले तर 20 टक्के.

एक खोच मात्र सल्लागारांच्याही नजरेतून सुटते. डिमॅटमध्ये ‘आधी आलेले आधी गेले’ हा हिशेब खात्यानुसार आणि त्या खात्यात शेअर कधी आले यावर होतो. नव्या खात्यात त्याच कंपनीचे 50 शेअर सहा महिन्यांपूर्वी घेतले असतील आणि आता 2012 चे 200 आत आणले, तर पहिले 50 विकताना ते नवेच विकले असं धरलं जातं, म्हणजे 20 टक्क्यांचा दर. असं असेल तर जुने शेअर जुन्याच खात्यातून विकलेले बरे. वाचणाऱ्या करापुढे थोडी जास्त दलाली परवडते.

प्रश्न : जुनं डिमॅट वडिलांच्या आणि माझ्या नावावर आहे. वडील वारले. नवं खातं माझ्या एकट्याचं आहे. शेअर हलवता येतील?

उत्तर : साध्या स्लिपने नाही, तिच्यावर दोघांच्याही सह्या लागतात. जुन्या डीपीकडे मृत्यू दाखला आणि ट्रान्समिशनचा, म्हणजे खातेदाराच्या मृत्यूनंतर शेअर नावावर करण्याचा, अर्ज द्या, सोबत तुमच्या खात्याचा सीएमआर जोडा. हयात संयुक्त खातेदार म्हणून शेअर तुमच्या एकट्याच्या खात्यात येतील. वारसा दाखल्याची गरज इथे पडत नाही. वडिलांच्या फोनवर येणारा ओटीपी टाकून शेअर आधीच वळते करण्याचा सल्ला कुणी देत असेल, तर त्याचं ऐकू नका.