टर्बो घाटात दम खातो, म्हणून गाडी बदलून मिळेल का?

प्रश्न : मी वाईला राहते, पाचगणीच्या शाळेत शिकवते. रोजचा रस्ता पसरणी घाटाचा. 14 महिन्यांपूर्वी पुण्याच्या शोरूममधून एक लिटर टर्बो पेट्रोल हॅचबॅक 9 लाख 40 हजारांना घेतली. वळणावर वेग कमी करून पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबला की दोन-तीन सेकंद गाडी नुसती गुरगुरते, मग एकदम उसळते. मागे एसटी असली की जीव मुठीत येतो. दुसऱ्याच महिन्यात तक्रार केली. साताऱ्याच्या सर्व्हिस सेंटरला चार फेऱ्या झाल्या. उत्तर एकच : ‘मॅडम, टर्बो अशीच असते, तुमची चालवायची सवय बदला.’ भाऊ म्हणतो, रीमॅप करून घे, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून घे. मला गाडीच बदलून हवी आहे. कर्जाचे हप्ते थांबवले तर ते वठणीवर येतील का?

उत्तर : ताई, सर्व्हिस सेंटरवाले अर्धं खरं बोलताहेत, आणि उद्या ग्राहक आयोगापुढे ते हेच अर्धं पुढे करणार. टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा. तो फिरतो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूच्या जोरावर. आरपीएम कमी असताना हा जोर कमी, त्यामुळे पंख्याला वेग घ्यायला थोडा वेळ लागतो. लहान टर्बो इंजिनात हे थोडंफार असतंच. तेवढ्याला कायदा दोष म्हणणार नाही. पण टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या होज पाइपची क्लिप सैल असेल आणि हवा गळत असेल, टर्बोचा दाब आवरणाऱ्या वेस्टगेट झडपेला हलवणारा अ‍ॅक्च्युएटर अडकत असेल किंवा दाबाचा सेन्सर चुकीचं सांगत असेल, तरी चालवणाऱ्याला असंच जाणवतं. तो मात्र दोष. तुमची केस उभी राहणार की पडणार, हे या दोहोंतल्या फरकावर आहे.

हा फरक दाखवायचा कसा? गाडी जागेवर उभी करून नव्हे. स्कॅनर लावून तंत्रज्ञाला शेजारी बसवा आणि घाट चढा. इंजिनाच्या कॉम्प्युटरने मागितलेला बूस्टचा, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा, दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब, दोन्ही आकडे स्क्रीनवर शेजारी शेजारी दिसतात. आरपीएम चढून स्थिरावल्यावरही मिळालेला दाब मागेच राहत असेल तर बोलायला जागा आहे. दाब कमी पडल्याचा पी 0299 हा कोड नोंदला गेला असेल तर उत्तमच. पण कोड नाही म्हणजे दोष नाही, असं कोणी म्हणालं तर मान डोलावू नका. त्या नोंदीची प्रिंट मागा. शिवाय त्याच मॉडेलची दुसरी गाडी त्याच वळणावर, त्याच गिअरमध्ये चालवून बघा. तीही तितकीच अडखळली, तर स्पष्ट सांगतो, खटल्याच्या भानगडीत पडू नका. वळणाआधीच गिअर खाली टाकून आरपीएम 2000च्या वर ठेवायची सवय लावा.

आता चारही फेऱ्यांची जॉब कार्ड, म्हणजे सर्व्हिस सेंटरने तुमची तक्रार नोंदवलेले कागद, काढा. बऱ्याच फायलींत मी पाहिलंय, ग्राहक तोंडाने रामायण सांगतो आणि कार्डावर उमटतं ‘जनरल चेकअप’. पाचव्या फेरीला तुमचे शब्द लिहून घेतल्याशिवाय चावी देऊ नका : दुसरा गिअर, अमुक आरपीएम, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर, इतके सेकंद उशीर.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये ‘दोषा’च्या व्याख्येत विक्रेत्याने केलेल्या दाव्यापेक्षा माल कमी भरणं हेही येतं. म्हणून घेताना मिळालेलं माहितीपत्रक जपून ठेवा. कमाल टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, किती आरपीएमला मिळतो, हे त्यात छापलेलं असतं. मात्र तो आकडा चाचणी-बाकावर, इंजिनाला बूस्ट बनवायला पुरेसा वेळ देऊन मोजलेला असतो. त्यावरून ‘दोन सेकंद उशीर का?’ असं विचारता येणार नाही; ‘त्या आरपीएमला दाब पूर्ण का नाही?’ असं विचारता येईल.

पुण्याला खेटे घालायची गरज नाही. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार चालते, म्हणजे तुमची साताऱ्यात. शोरूम आणि उत्पादक कंपनी दोघांनाही सामनेवाले करा, नाहीतर एक दुसऱ्याकडे बोट दाखवत बसेल. तुमच्या किमतीच्या व्यवहाराला शुल्क 200 रुपये. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग गाडी योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तसा अर्ज तक्रारीसोबतच द्या. तपासणीचा खर्च आधी तुम्हालाच भरावा लागू शकतो.

गाडी बदलून मिळण्याबाबत मात्र तुमची आशा थोडी खाली आणतो. मारुती उद्योगच्या एका गाडीच्या क्लचच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश टिकू दिला नाही. सदोष भाग बदलून काम भागत असेल तर तेवढंच. म्हणून नोटिशीत आणि तक्रारीत मुख्य मागणी लिहा ती दोष विनाखर्च काढून देण्याची आणि फेऱ्यांच्या व मनस्तापाच्या भरपाईची. दुरुस्ती होऊनही दोष राहिला तर गाडी किंवा पैसे परत, ही मागणी त्याखाली पर्याय म्हणून. पहिल्याच ओळीत नवी गाडी मागणाऱ्या नोटिशीला वकिलाकडून ठरावीक साच्यातलं उत्तर येतं, हे मीही वकील असल्याने सांगतो.

मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षं. तुमची पहिली तक्रार दुसऱ्या महिन्यातली, म्हणजे वर्षभर गेलंच. नोटिसा पाठवत राहिल्याने मुदत वाढत नाही. नोटिशीला 15 दिवस द्या आणि थांबू नका.

रीमॅप अजिबात नको. वॉरंटी तर जाईलच, वर ‘गाडीत छेडछाड केली’ हे वाक्य तुम्हीच त्यांच्या हाती द्याल. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 उत्पादकाच्या मूळ तपशिलांत फरक पडेल असे बदल करू देत नाही, ते वेगळंच.

आणि हप्ते? मुळीच थांबवू नका. बँकेशी तुमचा करार स्वतंत्र आहे. शोरूमला त्याने काडीचा फरक पडणार नाही. सिबिल स्कोअर घसरेल तो तुमचा.