मटणाचा काळा मसाला कडू का होतो आणि घरी कसा करायचा

भाऊ, तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. विकतचा मसाला घातला की रस्सा नुसता लालभडक होतो आणि गरम मसाल्याचा वास मारतो, घरी मिक्सरवर केलेला मसाला कडवट झाला, आणि मटणाचा मसाला चिकनला चालतो का. कडवटपणापासून सुरू करते, बाकीचं त्यातच अडकलंय.

तुम्ही लिहिलंय की सगळं एकत्र टाकून काळं होईस्तोवर भाजलं. इथेच गेलं बघा. काळा मसाला म्हणजे मसाले काळे करायचे असं नाहीये हो! तो रंग येतो भाजलेल्या सुक्या खोबऱ्याने, थोडा दगडफुलाने, आणि रश्शात खरा काळेपणा येतो तो वाटणातल्या कांद्या-खोबऱ्याने. धणे, लवंग, जिरं जळले की वास गेला आणि कडूपणा राहिला, मग त्यात गूळ घाला नाहीतर अजून काही घाला, तो जात नाही. आणि एकत्र भाजलं की जळणारच, कारण खसखस, शहाजिरं मिनिटभरात होतं आणि दालचिनी, मसाला वेलची आतपर्यंत गरम व्हायलाच वेळ लागतो.

प्रमाण सांगते, तिघाचौघांच्या घराला काही महिने पुरेल असं. धणे अर्धा किलो. मिरची पाव किलो, त्यात दीडशे ग्रॅम ब्याडगी रंगाला आणि शंभर ग्रॅम लवंगी किंवा संकेश्वरी तिखटाला, नुसती ब्याडगी घेतली तर रंग छान येईल पण मटणाला झणका येणार नाही. सुकं खोबरं दीडशे ग्रॅम, तीळ, खसखस आणि जिरं प्रत्येकी पन्नास, बडीशेप पंचवीस, दगडफूल पंचवीस, शहाजिरं पंधरा, मिरे आणि दालचिनी वीस वीस, मसाला वेलची पंधरा, लवंग, चक्रीफूल, नागकेशर, तमालपत्र दहा दहा, जायपत्री पाच, जायफळ अर्धं, हळकुंड पंचवीस, खडा हिंग दहा. मेथी घालायचीच असेल तर छोटा चमचा, त्यावर नको. चक्रीफूल आणि जायपत्री हावरटासारखी वाढवू नका, विकतच्या मसाल्याचा जो बिर्याणीसारखा वास तुम्हाला खटकतोय तो बऱ्याचदा यांचाच असतो. दगडफुलाला मात्र काटकसर करू नका, काळ्या मसाल्याचा जीव त्यात आहे. ते हलकं असतं त्यामुळे पंचवीस ग्रॅम म्हणजे बराच मोठा ढीग दिसेल, घाबरू नका, पण नीट निवडा, त्यात सालीचे तुकडे आणि माती असते.

खडा मसाला नाशिकच्या रविवार कारंजा, भद्रकालीकडच्या जुन्या किराणा दुकानांतून सुट्टा घ्या, हातात घेऊन बघता येतो. लवंगेला नख लावलं की तेल जाणवलं पाहिजे, बारीक सुकलेली, डोकं गळालेली लवंग म्हणजे बहुतेक तेल काढून घेतलेली. धण्याला भोकं दिसली की सोडून द्या.

आता भाजणी. मिरच्यांना आदल्या दिवशी कडक ऊन द्या, देठं काढा. जाड बुडाची कढई आणि मंद आच. आधी थोड्या तेलात हिंगाचे खडे फुलवून घ्या, त्याच तेलात हळकुंड तळा, तळलं की ठिसूळ होतं नाहीतर मिक्सरचं पातं तुटायचं. मग चमचा चमचा तेलावर दालचिनी, मसाला वेलची, चक्रीफूल, नंतर लवंग-मिरे (मिरे उडतात, तोंड लांब ठेवा), मग तमालपत्र, नागकेशर, जायपत्री, आणि दगडफूल अगदी शेवटी, ते फक्त कुरकुरीत व्हायला पाहिजे. धणे तेलावर खमंग वास येईपर्यंत. जिरं, शहाजिरं, बडीशेप, तीळ, खसखस कोरडंच आणि प्रत्येक वेगळं. जायफळ भाजायचं नाही, किसून घालायचं. मिरची सगळ्यात शेवटी, तेलाचा हात लावून, खिडक्या उघडून, आणि शेजारच्यांना आधी सांगून. खोबरं किसून तांबूसच्या पुढे, गडद चॉकलेटी होईपर्यंत भाजा, इथे मात्र कंजुषी नको. आमच्या कसमादेकडे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा हा भाग) खोबऱ्याची वाटी थेट विस्तवावर धरून भाजतात, तो धुराचा वास कढईत येत नाही. गॅसवर चिमट्यात धरून करून बघा, जमतं.

सगळं पूर्ण गार झाल्याशिवाय मिक्सरला लावू नका. आणि एकदम फिरवू नका, थांबत थांबत, भांडं गरम झालं की बंद, कारण त्या गरमीने वास उडतो आणि खोबरं तेल सोडून लगदा होतो. म्हणून खोबरं, तीळ, खसखस आधी वेगळं फिरवून मग कोरड्या पुडीत मिसळायचं. चाळून वर राहील ते परत फिरवा. दोन किलोच्या वर करायचा असेल तर सरळ डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीवर, कुटून आणा, मार्च ते मे सीझन असतो तेव्हा गर्दी असते, आपला मसाला आपल्या डोळ्यासमोर कुटून घ्या आणि आधी कोणाचा काय कुटला तेही विचारा.

वर्षाचा करणार असाल तर खोबरं, तीळ, खसखस यातून काढूनच टाका. तेलकट वस्तू आधी खवट होतात आणि सगळी बरणी घालवतात. त्यांना वाटणात घ्या, ताजं. काचेची कोरडी बरणी, तळाला आणि वर हिंगाचा खडा, उजेडापासून लांब. खोबरं घातलेला मसाला फ्रीजमध्ये.

वापरताना किलो मटणाला तीन पोह्याचे चमचे पुरतो. मटण हळद, मीठ, आलं-लसूण लावून आधी शिजवा, ते अळणी पाणी, म्हणजे मटण शिजलेलं बिनमसाल्याचं पाणी, टाकू नका, लहान मुलांना वाटीभर द्या आणि उरलेलं रश्शाला. वाटणाला दोन मध्यम कांदे आणि अर्धी वाटी खोबरं भाजून, वीसेक लसूण पाकळ्या, आलं, कोथिंबीर. कांदा शक्यतो उन्हाळ, म्हणजे उन्हाळी, पोळच्या म्हणजे खरिपाच्या लाल कांद्यात पाणी जास्त, तो भाजायला बराच वेळ घेतो. वाटण तेल सुटेपर्यंत परता, मग आच बारीक करून मसाला टाका आणि लगेच पळीभर गरम अळणी पाणी घाला, नाहीतर एवढा जपून केलेला मसाला तेलात जळेल. तर्री आपोआप वर येते, वेगळा रंग लागत नाही.

चिकनला चालतो, पण मटणाच्या निम्माच घाला आणि वाटणातला कांदाही कमी भाजा, चिकन लवकर शिजतं त्याला एवढा मसाला झेपत नाही. अंड्याच्या रश्श्यालाही तेच. माशाला हा वापरू नका, दगडफुलाचा वास त्यावर बसतो. आणि मसाला केल्या केल्या चव बघून नाराज होऊ नका, आठवडाभर बरणीत मुरू द्या, मग रविवारी मटण आणा.